पियानोच्या पट्ट्या आणि ख्यालाची रेघ

काळ्या पडद्यावर रंगीत आडव्या पट्ट्या उजवीकडून डावीकडे सरकत येतात. पट्टी जितकी वर, तितका सूर उंच. जितकी लांब, तितका तो जास्त वेळ धरलेला. पडद्याच्या मध्यावर आली की पट्टी उजळते आणि त्याच क्षणी पियानोवर तो सूर वाजतो. बाखच्या सी मायनरमधल्या तीन आवाजांच्या फ्यूगचं असं चलत्‌चित्र पाहिलं, तर पाश्चात्त्य स्वरलिपीचं एक अक्षरही न येणाऱ्याला काही गोष्टी लगेच कळतात. पहिला आवाज एक छोटी चाल मांडतो. ती संपते न संपते तोच दुसरा रंग तीच आकृती वरच्या उंचीवर काढू लागतो आणि पहिला रंग तिच्याशी वेगळंच काही बोलू लागतो. मग खालून तिसरा येतो. एकाच वेळी तीन स्वतंत्र गाणी चालली आहेत, हे आपल्या कानाला सवय नसल्यामुळे नुसतं ऐकून पटत नाही. डोळ्याला ते पटतं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना कानही ते शोधू लागतो.

अशी चित्रं काढण्याचं काम सर्वात चिकाटीने केलं ते अमेरिकेतल्या स्टीफन मॅलिनोव्स्की यांनी. आधी कागदाच्या लांब गुंडाळीवर हाताने पट्ट्या काढून आणि 1980 च्या दशकापासून संगणकावर. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव ‘म्युझिक ॲनिमेशन मशीन’. बाख, बेटोव्हेन, शोपॅं, देब्युसी यांच्या रचनांची त्यांनी केलेली चित्रं जगभर पाहिली जातात. ब्योर्क या आइसलँडच्या गायिकेच्या 2011 च्या ‘बायोफिलिया’ या ॲपमधली अशी चलत्‌चित्रंही त्यांचीच. आता अनेक जण हे करतात आणि पियानो शिकणारी मुलंसुद्धा वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्यांखाली बोटं ठेवून सराव करतात.

या लेखाचा प्रश्न यापुढचा आहे. जे पियानोला इतकं सहज जमलं, ते आपल्या गाण्याला जमेल का? मला वाटतं, जमेल. पण पियानोची रीत उचलून नाही. आपली रीत आखायची तर सुरुवात कुठून करायची, याचं बरंचसं उत्तर सातारा, सांगली आणि मिरजेत शंभर वर्षांपूर्वी झालेल्या कामात आहे. ते काम आज विस्मरणात गेलं आहे आणि त्याची मला मनापासून खंत आहे.

आधी पियानोला ही रीत का मानवते ते पाहू. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्यानंतर वादकाचं बोट त्या सुराचं काहीही करू शकत नाही. सूर वर चढवता येत नाही, खाली ओढता येत नाही, फुगवता येत नाही. 88 पट्ट्यांपैकी कोणती, कधी, किती जोराने आणि कधीपर्यंत, शिवाय पायाखालचा पेडल, एवढ्या माहितीत पियानोवादन जवळपास सगळं मावतं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कागदाच्या गुंडाळीवर भोकं पाडून पियानो आपोआप वाजवणारी यंत्रं निघू शकली. भोकाची जागा म्हणजे सूर, भोकाची लांबी म्हणजे काळ. 1983 मध्ये आलेल्या ‘मिडी’ या पद्धतीने तीच माहिती आकड्यांत आणली. यंत्राला कळावीत म्हणून पाडलेली ती भोकं मॅलिनोव्स्कींच्या पडद्यावर माणसाच्या डोळ्यांसाठी रंगीत झाली, एवढाच या कलेचा वंश.

तरीही पियानोच्या बाबतीतसुद्धा ही पद्धत पुरी नाही. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरत जातो, पट्टी मात्र शेवटपर्यंत तितकीच जाड राहते. शोपॅंच्या ई फ्लॅट मेजरमधल्या प्रसिद्ध नॉक्टर्नमध्ये उजव्या हातातली धून गाते आणि डावा हात तिच्याखाली अंथरूण घालतो. साध्या पट्ट्यांत दोघांचं वजन सारखंच दिसतं. चांगला चित्रकार इथे निवड करतो. धुनीला उजळ रंग देतो, साथ मंद ठेवतो, विरणाऱ्या सुराची पट्टी फिकी करत नेतो. म्हणजे चित्र आपोआप निघत नाही. कुणीतरी आधी नीट ऐकलेलं असतं आणि त्याचं ऐकणं आपण पाहत असतो.

रंग कशाला द्यायचा, हा या कलेतला सर्वात जुना वाद. न्यूटनने 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये इंद्रधनुष्याचे सात भाग सप्तकाच्या सात सुरांशी जुळवले. पुढे फ्रान्सच्या कास्तेल या पाद्र्याने पट्टी दाबताच रंग दाखवणाऱ्या वाद्याची कल्पना मांडली. स्क्रियाबिनने 1910 च्या ‘प्रॉमिथियस’मध्ये वाद्यवृंदाच्या संहितेतच प्रकाशाच्या वाद्यासाठी वेगळी ओळ लिहिली. ऑस्कर फिशिंगर यांनी 1938 मध्ये लिस्टच्या रचनेवर कागदी आकार हलवून एक छोटा चित्रपट केला, त्यात रंगांचा आणि विशिष्ट सुरांचा नियम नव्हता, गती आणि आकार यांचीच जुळणी होती. मॅलिनोव्स्की पुष्कळदा बारा सुरांना पंचमाच्या चक्राच्या क्रमाने रंगचक्रावर बसवतात. त्यामुळे एकमेकांशी जवळचं नातं असलेले सूर जवळच्या रंगांत दिसतात आणि रचना दूरच्या स्वरात वळली की पडद्याचा सगळा रंगच पालटतो. ही युक्ती मला सर्वात समंजस वाटते, कारण ती एकट्या सुराचा रंग सांगत नाही, सुरांमधलं नातं सांगते.

आपल्याकडे हा विचार फार आधी झाला होता. यादवांच्या काळात, तेराव्या शतकात, देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात प्रत्येक स्वराची देवता, ऋषी, छंद, द्वीप यांबरोबर रंगही दिला आहे: षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा, निषाद अनेकरंगी. हे रंग कुणाला ऐकताना दिसत होते असं त्यातून निघत नाही. विश्वातल्या सगळ्या गोष्टी सात-सातच्या रांगांत बसवण्याची ती शास्त्रीय हौस होती. पुढे रागमालेच्या चित्रांनी रागाला नायक-नायिका, ऋतू, प्रहर दिले. पण रागमालेतून रागाचा भाव कळतो, चाल कळत नाही. चित्र पाहून कुणी राग गाऊ शकत नाही.

गाऊ शकेल असं काही कागदावर आणायची खटपट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाली, आणि इथे आपला मुलूख पुढे येतो. विष्णु दिगंबर पलुसकर 1872 मध्ये कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने चेहरा भाजला आणि त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांसाठी ते मिरजेला आले आणि तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांना तालीम मिळाली. ज्याची नजर अधू, त्यानेच पुढे गाणं डोळ्यांनी वाचता यावं म्हणून लिपी तयार केली. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं ते या लिपीच्या भरवशावर. वर्गातल्या पन्नास मुलांना एकाच वेळी एकच चीज द्यायची, तर ती फळ्यावर यायलाच हवी होती.

पलुसकर आणि त्यांचे समकालीन संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या लिप्या शेजारी ठेवून पाहिल्या की दोघांना काय महत्त्वाचं वाटत होतं ते दिसतं. भातखंड्यांनी खूण कमीत कमी ठेवली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, समेला फुली, कालाला शून्य. पलुसकरांनी मात्रेच्या भागांसाठी वेगवेगळ्या खुणा दिल्या. स्वर अर्धी मात्रा आहे की पाव, हे त्यांच्या कागदावर स्वराखालीच लिहिलेलं असतं. छपाईला ती लिपी जड गेली आणि शेवटी भातखंड्यांची सोपी लिपी जास्त पसरली. सोपेपणा जिंकला हे शिक्षणाच्या दृष्टीने बरंच झालं. पण लयीच्या बारीक हिशेबाची पलुसकरांची ओढ आज संगणकाच्या पडद्यासाठी अधिक उपयोगाची ठरली असती, असं मला राहून राहून वाटतं.

दोन्ही लिप्यांना एक मर्यादा सारखीच आहे. त्या स्वर लिहितात, स्वरांमधला रस्ता लिहीत नाहीत. मींडीसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्यासाठी, दोन अक्षरांवर कमान काढली की काम झालं. ती मींड आधी रेंगाळून मग झपकन गेली, की सुरुवातीलाच सुटून शेवटी सावकाश टेकली, हे गुरूच्या गळ्यातूनच घ्यायचं. दरबारी रागाचा कोमल गंधार ‘ग’ लिहून त्याखाली रेघ दिल्याने येत नाही. तो स्वर एका जागी उभाच राहत नाही.

मग हा न लिहिलेला भाग मोजायचा कसा, या प्रश्नाला सर्वात आधी भिडलेल्यांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल होते. ते निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1910 मध्ये पुण्यात छापलं गेलं. त्यांनी ग्रंथातली वचनं घोकत बसण्याऐवजी सोनोमीटर घेतला. ताणलेली तार, खाली सरकणारी घोडी, बाजूला मोजपट्टी. गायक स्वर लावणार, देवल घोडी सरकवून तार त्या स्वराशी मिळवणार आणि तारेची लांबी वाचणार. गायकाच्या स्वराला एक आकडा मिळाला. या कामात गळा होता अब्दुल करीम खाँ साहेबांचा, ज्यांचं नाव मिरजेशी कायमचं जोडलं गेलं. सुरेलपणाच्या बाबतीत याहून विश्वासू साक्षीदार त्या काळी मिळणं कठीण होतं.

देवलांच्या जोडीला अर्नेस्ट क्लेमेंट्स हे सनदी नोकरीतले इंग्रज न्यायाधीश आले. दोघांच्या पुढाकाराने साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था उभी राहिली. जिल्ह्याच्या गावात, कचेरी आणि कोर्टाच्या कामातून वेळ काढून, माणसं गंधाराच्या उंचीवर वाद घालत होती. क्लेमेंट्स यांचं भारतीय संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारं पुस्तक 1913 मध्ये निघालं. त्यात त्यांनी युरोपच्या पाच रेघांच्या लिपीवर जास्तीच्या खुणा बसवून आपले राग लिहायचा प्रयत्न केला. लंडनच्या मूर या वाद्यनिर्मात्यांकडून श्रुतींची खास पेटीही करवून घेतली.

या पेटीमागचा प्रश्न आजच्या पडद्यालाही तितकाच लागू आहे, म्हणून तो जरा उलगडतो. पियानो आणि साधी पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. सप्तक 1200 सेंट धरलं तर प्रत्येक भाग 100 सेंटचा. त्या हिशेबाने शुद्ध गंधार 400 वर बसतो. पण तंबोरा नीट जुळला असेल तर त्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो 386 च्या आसपास असतो. 14 सेंटचा हा फरक तयार कानाला स्पष्ट टोचतो. पंचमात फरक जेमतेम 2 सेंटचा, म्हणून पंचमाबद्दल कुणी तक्रार करत नाही. कोमल गंधार पेटीत 300, तर सहास पाच या प्रमाणाने 316. पियानोच्या चलत्‌चित्रात वरखाली बारा ओळी आखल्या की भागतं, कारण पियानोत त्या बारांशिवाय काही नाहीच. त्याच बारा ओळींवर ख्याल मांडला, तर जो गायक सुरात आहे तोच पडद्यावर बेसूर दिसेल.

1916 च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीवर जोरदार चर्चा झाली. भातखंडे यांना देवल–क्लेमेंट्स यांची मांडणी मान्य नव्हती. त्यांचा आक्षेप मला आज अर्धा बरोबर वाटतो. गायक दर वेळी एकाच आकड्यावर उभा राहतो, हे गृहीतक पुढच्या मोजणीत टिकलं नाही. 1963 मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी उपकरणांनी मोजून दाखवलं की मोठे कलाकारही तोच स्वर वेगवेगळ्या जागी लावतात आणि संदर्भ बदलला की जागा बदलते. बावीस खाचा कोरून ठेवाव्यात असं सप्तक नाही. पण देवलांची मूळ भूमिका अचूक होती: ग्रंथाऐवजी गळा मोजा. त्यांच्या सोनोमीटरला एकच गोष्ट जमत नव्हती. तो थांबलेला स्वर मोजू शकत होता, चाललेला नाही.

या धाग्याचं पुढचं टोकही सांगलीतच आहे. विलिंग्डन महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे प्रा. ग. ह. रानडे यांचं हिंदुस्थानी संगीताचं भौतिकशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र यांवरचं पुस्तक 1938 मध्ये निघालं. कंपनं मोजणारा शास्त्रज्ञ आणि बैठकीतला श्रोता हे दोघे एकाच माणसात असणं हा त्यांच्या पुस्तकाचा मोठेपणा. दोन वर्षांनी, 1940 मध्ये, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, आणि ती बंदी पुढे तीन दशकं टिकली. ते पाऊल मला टोकाचं वाटतं. पण ठरीव पट्ट्यांचं वाद्य गळ्याच्या शेजारी बसवल्यावर काय होतं, ही चिंता मात्र अगदी खरी होती. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी करून हीच चिंता वाद्याच्या बाजूने सोडवायचा प्रयत्न केला आहे.

मिरजेचे कारागीर या वादात कधी पडले नाहीत, पण त्यांच्या हातात प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग होता. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, तिला हलका उतार असतो. तार तिच्यावर घासत थरथरते, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत कारागीर तो नेमका बिंदू शोधतो, जिथे तार झंकारून उठते. ती जवारी. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्यांचा स्थिरबिंदू पडतो ते उपस्वर तारेतून उमटू नयेत असा नियम; तंबोऱ्यात आणि वीणेत तेही ठणठणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. आज फोनवरच्या साध्या वर्णपट-ॲपसमोर मिरजेचा तंबोरा छेडला, तर पडद्यावर एकावर एक अनेक आडव्या रेघा चढत जातात आणि छेडल्यानंतर त्यांतला उजेड वरखाली सरकत राहतो. गळ्याच्या चित्राला लागणारी पार्श्वभूमी ही अशी असते, जिवंत आणि गाणाऱ्याच्या षड्जाला बांधलेली.

चाललेला स्वर मोजण्याची सोय झाली ती 1980 च्या दशकात. बर्नार्ड बेल या फ्रेंच अभ्यासकाने स्वराची उंची सलग रेषेत टिपणारं यंत्र बांधलं. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत सुवर्णलता राव आणि ॲम्स्टरडॅमचे विम व्हान डर मेर यांनी पुढे संगणकाच्या साहाय्याने जे काम उभं केलं, त्याचं नाव ‘म्युझिक इन मोशन’. पियानोच्या रंगीत चित्रांचा आपल्याकडचा खरा जोडीदार हाच. नामवंत कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांवर गळ्याची रेषा, रागात लागणाऱ्या स्वरांच्या आडव्या ओळी, तालाच्या खुणा, बोल, आणि गाण्याबरोबर पुढे सरकणारी उभी रेघ. इथे पट्टी नाही, रेघ आहे. कण म्हणजे रेघेचं छोटं टोक, मुरकी म्हणजे गाठ, गमक म्हणजे दात, आणि मींड म्हणजे खरोखरच मींड. दरबारीचा गंधार पाहिला की भातखंडे लिपीत जे अक्षर एका जागी उभं होतं, ते इथे सावकाश डुलताना दिसतं. शिकणाऱ्या मुलांना मी हे एकदा तरी दाखवावं असं म्हणेन. ज्या जागेवर गुरुजी दहा वेळा ‘असं नाही, असं’ म्हणतात, ती जागा तिथे सापडते.

ही रेघ काढणं पियानोच्या पट्ट्यांसारखं सरळ नाही. पियानोची कळ संगणकाला स्वतः सांगते की मी दाबली गेले. गळा काही सांगत नाही. एका ध्वनिमुद्रणात तंबोरा, पेटी किंवा सारंगी, तबला आणि गळा मिसळलेले असतात. ॲम्स्टरडॅमच्याच ‘प्राट’सारख्या संगणक-कार्यक्रमाला सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला उंची मोजायला लावलं, तर सारंगी गळ्यामागे सावलीसारखी असल्याने कधी तिचीच रेघ निघते. तबल्याचा ‘ना’ स्वरात असतो, तिथे रेघ उडी मारते. ‘स’, ‘ख’सारख्या व्यंजनांत कंप नसतो, तिथे ती तुटते. कधी यंत्र एका सप्तकाने चुकतं. आयआयटी मुंबईत प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नांवर बरीच वर्षं काम केलं. तरी शेवटी कान तयार असलेल्या माणसाने बसून रेघ दुरुस्त करावी लागते. पियानोच्या चित्रात जाणता माणूस रंग निवडतो. आपल्याकडे त्याला रेघ कुठे खरी आहे हेच आधी ठरवावं लागतं.

आता पियानोच्या पद्धतीतून आपण काय घ्यावं आणि काय सोडावं.

रंगाची नात्यावर आधारलेली युक्ती घ्यावी, पण षड्जाला धरून. आपल्याकडे एक गायक काळी एकमध्ये गातो, दुसरी पांढरी पाचमध्ये. सुराच्या कंपनांना रंग बांधला तर एकच यमन दोन गायकांत दोन रंगांचा दिसेल, आणि ते साफ चूक. षड्ज जिथे असेल तिथे एकच शांत रंग, पंचम त्याच्या शेजारचा, आणि जे स्वर षड्जापासून दूरचे, ताणाचे, ते रंगचक्रावर दूर. मारवा रागात षड्ज किती वेळ टाळला जातो, हे मग रंगातूनच कळेल.

सरकत्या पडद्याचाही फेरविचार हवा. पियानोची रचना सुरुवातीपासून शेवटाकडे जाते, तिला लांबलचक रस्ता शोभतो. आपला ताल फिरून समेवर येतो. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभराचं असू शकतं. पडद्यावर एवढा भाग मावतच नाही, आणि मावला तरी मागच्या आवर्तनाशी त्याचं नातं दिसत नाही. आवर्तन ओळीखाली ओळ रचलं, म्हणजे सगळ्या समा एका उभ्या रेघेत आल्या, तर गायक प्रत्येक वेळी समेकडे कसा वेगळ्या वाटेने आला हे एका नजरेत येईल. पलुसकरांच्या मात्रेच्या हिशेबाचं इथे चीज होईल.

आणि सर्वात मोठा फरक भविष्याचा. पियानोच्या चित्रात पुढच्या पट्ट्या उजवीकडे आधीच दिसतात. ते योग्यच आहे, कारण बाखने तो फ्यूग 1722 मध्येच लिहून ठेवला आहे. ख्यालात पुढचं कुणाला ठाऊक नसतं. गायकालाही पुरतं नसतं. समेच्या चार मात्रा आधी तान अजून तारसप्तकात आहे, आता हा खाली कसा येणार, या धाकधुकीत श्रोता गायकाच्या बरोबरीने असतो. पुढची रेघ आधीच पडद्यावर असली तर ही धाकधूक मरते. ‘म्युझिक इन मोशन’मध्ये उभी रेघ सरकते पण चित्र आधी काढलेलं असतं, म्हणून अभ्यासाला ते उत्तम आणि ऐकण्याला अडचणीचं. माझ्या मते ख्यालाच्या चलत्‌चित्रात दोनच गोष्टी आधी दिसाव्यात, समेची जागा आणि षड्जाची ओळ, कारण त्या दोन्ही गायकालाही आधी माहीत असतात. बाकीची उजवी बाजू कोरी राहावी.

एक आक्षेप गाणाऱ्यांकडून नेहमी येतो: डोळे उघडे ठेवून कान तयार होत नाहीत. त्यात तथ्य आहे. रेघ पाहत गाणारा विद्यार्थी रेघेला स्वर लावतो, तंबोऱ्याला नाही. पण आपल्या मैफलीत डोळे कधीच रिकामे नव्हते. मॅट रहाइम या अमेरिकन अभ्यासकाने गायक विकास कशाळकरांकडे गाणं शिकत असताना गायकांच्या हातांचा अभ्यास केला आणि 2012 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गायक हाताने मींड ओढतो, हवेत स्वर ठेवतो, तान उधळतो. शिष्य आवाजाबरोबर ही वळणंही उचलतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधला अंतुबुवा जोशींनी 1940 मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या संगीतोत्सवात समोर बसून ऐकणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. हात स्वराची उंची मोजत नाही. तो त्याचं वजन, ओढ, घर्षण दाखवतो. रेघेत नेमकं तेच नसतं. रेघेची जाडी आवाजाच्या जोराप्रमाणे बदलली, ‘आ’कार उघडा की मिटलेला यावर तिचा पोत बदलला, तर चित्र हाताच्या थोडं जवळ जाईल.

काम सुरू करायला सामग्री हाताशी आहे. अब्दुल करीम खाँ साहेब 1937 मध्ये गेले, मिरजेला त्यांचं दफन झालं, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. 1930 च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्या, झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ आणि भैरवीतली ‘जमुना के तीर’, तीन-तीन मिनिटांच्या आहेत. इतक्या छोट्या अवधीची रेघ हाताने दुरुस्त करणं एका माणसाला शक्य आहे. देवलांनी ज्या गळ्याचे थांबलेले स्वर सोनोमीटरवर मोजले, त्याच गळ्याचे चाललेले स्वर या तबकड्यांत आहेत. सांगलीच्या एखाद्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग आणि मिरजेचा एखादा जाणता शिक्षक एकत्र बसले तर एका वर्षात हे होईल. सुरुवातीला एकच गोष्ट ठरवावी लागेल: तबकडी मूळच्या कोणत्या वेगाने फिरवायची. त्या काळच्या तबकड्यांचा वेग मिनिटाला नेमका 78 फेऱ्यांचा असायचाच असं नाही, आणि वेग चुकला की खाँ साहेबांचा षड्जच वरखाली होतो. स्वरांची आपसातली अंतरं त्याने बिघडत नाहीत, पण मींडीचा वेग आणि आवाजाचा पोत बिघडतो. म्हणून आधी वेग, मग षड्ज, आणि मग रेघ.